पातळ शिसं

कॉलेजच्या रसायनशाळेत त्यांना सगळेच मावशी म्हणत. प्राचार्य म्हणत, पोरं म्हणत, गॅसचं सिलिंडर आणणारा म्हणे, आणि वयाने आठ वर्षं मोठे असलेले विभागप्रमुखही म्हणत. खरं तर त्या मावशी होत्या एकाच मुलीच्या, धाकट्या बहिणीच्या लेकीच्या. ती शिकायला म्हणून त्यांच्याकडेच राहायची, आणि गेले दोन महिने नेमकी तीच त्यांना मॅडम म्हणत होती.

“मॅडम, उठा. आयन खोळंबलेत.”

“तुझे आयन गेले चुलीत,” मावशी पांघरुणातूनच म्हणायच्या. “आणि तू फार मॅडम मॅडम करू नकोस. एकदा आपटलेली आहेस. डोळे होते की बटणं?”

हा टोमणा भाची वर्षभर ऐकत होती. गेल्या वर्षी ती प्रॅक्टिकलला नापास झाली, आणि तीही साध्या शिशासाठी. परीक्षेत एक बाटली देतात. आत पाण्यात कुठलासा क्षार विरघळवलेला असतो आणि तो कोणता हे ओळखायचं असतं. बाटलीत शिसं असेल तर एचसीएलचे, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाचे, चार थेंब टाकले की पांढरा साका खाली बसतो. आंधळ्यालाही दिसेल असा. आणि या बाईसाहेबांनी कागदावर लिहून ठेवलं होतं, ‘साका नाही. शिसं नाही.’ मावशींनी सव्वीस वर्षं तो साका टेस्ट ट्यूबमधून घासून काढला होता. त्यांच्या घरातली पोरगी शिशाला चुकते म्हणजे सोनाराच्या घरात पितळ निघाल्यासारखंच. मग त्या बोलणार नाहीत तर काय करतील?

या वर्षी मात्र गंमत झाली होती. त्याच परीक्षेला मावशीही बसल्या होत्या.

रसायनशाळेत लॅब असिस्टंटची खुर्ची चार वर्षं रिकामी होती. म्हणजे खुर्ची रिकामी होती, काम रिकामं नव्हतं. ते मावशीच करत होत्या. द्रावणं बनवणं, बाटल्या भरणं, कोणत्या पोराच्या हातावर काय सांडलं की आधी काय करायचं, सगळं. कागदावर मात्र त्या परिचर. परिचर म्हणजे धुणारी, पुसणारी, आणि साहेब आत आले की स्टुलावरून उठणारी. नियम असा होता की आतल्या माणसाने पन्नाशीच्या आत रसायनशास्त्राची लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही पास केली तर ती खुर्ची त्याला मिळेल. मावशींना पन्नास पूर्ण व्हायला दोन महिने होते. लेखी त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या होत्या. उरली प्रॅक्टिकल. ती गेली तर खुर्ची बाहेरच्यांसाठी मोकळी, आणि विभागप्रमुखांना दोन भाचे होते.

विभागप्रमुखांना पोरांनी ‘संपृक्त’ असं नाव ठेवलं होतं. संपृक्त द्रावण म्हणजे ज्यात आता आणखी काही विरघळू शकत नाही ते. नावामागे डॉक्टर, नावापुढे तीन पदव्या, आणि तीस वर्षांत माणसाने एक टेस्ट ट्यूब विसळलेली नाही. असली माणसं जगात सगळीकडे आहेत. त्यांना सगळं ठाऊक असतं, फक्त नळ कुठे आहे ते ठाऊक नसतं.

घरी अभ्यासाला बसलं की मावशींचा नवरा समोर शिलाई मशीनवर असायचा. शिंपीकाम घरातच चालायचं, त्यामुळे पुस्तकात दोऱ्याचे तुकडे आणि टाचण्या.

“हे बघा मॅडम,” भाची म्हणाली होती, “साका खाली बसला म्हणजे खेळ संपला असं नाही. खालचे थोडे सारखे पाण्यात उठून जातात, वरचे थोडे सारखे खाली येऊन बसतात. जितके उठतात तितकेच बसतात. आपल्याला वाटतं सगळं थांबलंय. याला संतुलन म्हणतात.”

मावशींनी चष्मा वर केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा एका पॅंटची शिवण उसवत होता. तीच पॅंट त्याने सकाळी शिवली होती.

“म्हणजे तुझ्या काकांसारखं,” मावशी म्हणाल्या. “जितकं शिवतात तितकंच उसवतात. गिऱ्हाइकाला वाटतं काम थांबलंय. पण हात चालू.”

“गिऱ्हाइकाने माप चुकीचं दिलं होतं,” काका म्हणाले.

“माप तुम्हीच घेतलं होतं.”

“तेच म्हणतोय. त्याने मला घेऊ दिलं.”

भाची हसून हसून टेबलावर पडली. पण मावशींच्या डोक्यात ते पक्कं बसलं. गर्दीचंही तसंच बसलं. शिसं वेगळं पोहतं, एचसीएलमधलं क्लोराइड वेगळं पोहतं. दोघं भेटतात तरी लगेच जोडी करून खाली बसत नाहीत. पाण्यात गर्दी एका मर्यादेच्या वर गेली की मगच बसायला सुरुवात होते. मर्यादेच्या आत असतील तर सगळे मजेत पोहत राहतात आणि आपल्याला दिसतं ते नितळ पाणी. मावशींनी हे वाचलं, तोंडपाठ केलं, आणि पुढचं पान उलटलं. त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी रसायनशाळेत पाऊल टाकल्या टाकल्या मावशींचा जीव कासावीस झाला. बेसिनमध्ये कालची भांडी तशीच पडलेली. हात शिवशिवले. भाचीने मागून कोपर मारलं.

“मॅडम, आज तुम्ही धुवायचं नाही. आज तुम्ही घाण करायची.”

मावशी स्वतः परीक्षेला, म्हणून या वर्षी बाटल्या त्यांनी भरायच्या नव्हत्या. भरायच्या होत्या विभागप्रमुखांनी. मावशींना उत्सुकता होती की हा माणूस तराजू तरी ओळखेल का. त्याने तराजूला हातच लावला नव्हता. गेल्या वर्षीच्या उरलेल्या बाटल्या कपाटातून काढून, जुने आकडे खरवडून, नवे चिकटवले होते. झालं काम. डॉक्टर!

एका क्षाराच्या सगळ्या बाटल्यांना एकच नंबर होता. मावशींच्या वाट्याला सात नंबर आला. तपकिरी बाटली, आणि काचेच्या बुचाचा एक टवका उडालेला. तो टवका मावशींच्याच हातून उडाला होता. बूच पाहिल्याबरोबर त्यांना बाटलीच्या पोटातलं कळलं. शिसं! बाकीच्यांनी ओळखत बसावं. त्यांनी मनातल्या मनात खुर्चीवर बसून एकदा गोल फिरूनही घेतलं.

तरी रीत म्हणून टेस्ट ट्यूबमध्ये थोडं द्रावण घेतलं. एचसीएलचे चार थेंब. ट्यूब हलवली. उजेडाकडे धरली.

पाणी. नितळ, स्वच्छ, पिऊन टाकावं असं पाणी.

मावशींनी आणखी दोन थेंब टाकले. काही नाही. ट्यूब नळाखाली गार केली, कारण उन्हाळ्याचे दिवस होते आणि शिशाचा साका गरम पाण्यात विरघळतो हे त्यांना पुस्तकाआधीच ठाऊक होतं. तरी काही नाही. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, आपले डोळेच गेले. बटणं झाली.

आणि मग बुचाच्या टवक्याकडे बघता बघता त्यांना तो दिवस आठवला.

गेल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी शिशाच्या क्षाराची बरणी तळाला गेली होती. नवी मागवायचा कागद सात महिने विभागप्रमुखांच्या टेबलावर, काचेच्या गोळ्याखाली, सहीची वाट बघत पडला होता. मावशींनी चार वेळा आठवण केली. चार वेळा उत्तर आलं, “बघतो.” भरायच्या होत्या आठ बाटल्या आणि बरणीत होतं जेमतेम एकीपुरतं. घरात दूध कमी पडलं आणि माणसं जास्त आली तर बाई काय करते? मावशींनी तेच केलं. चमच्याने बरणी खरवडली, सगळं मोठ्या भांड्यात घातलं, पाणी वाढवलं आणि आठ बाटल्यांत सारखं वाटून टाकलं. वर कौतुकही वाटलं होतं स्वतःचं, की कुणाची अडचण होऊ दिली नाही. शिसं ते शिसं. थोडं असलं काय, जास्त असलं काय, असलं म्हणजे झालं.

नाही झालं. गर्दीच जमली नव्हती तर बसणार कोण? आठपट पातळ केलेल्या त्या पाण्यात शिसं होतं, पण मर्यादेच्या आत. कुणी चार थेंब टाको नाहीतर चाळीस, ते खाली येणार नव्हतं. आणि साका आलाच नाही तर पुढची चाचणी करायची नाही अशी विभागप्रमुखांची शिस्त. शिसं नंतर पकडू शकला असता तो सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस, पण तो गॅस बनवायचं यंत्र दोन वर्षं मोडून पडलेलं. म्हणजे गेल्या वर्षी ज्यांनी ज्यांनी ‘साका नाही’ असं लिहिलं, त्यांनी डोळ्यांना दिसलं ते खरं लिहिलं होतं. शिशाची बाटली मिळालेली सात मुलं होती. सातही नापास. त्यातली एक मावशींच्या घरात जेवत होती आणि रोज टोमणे खात होती.

मावशींचे हात मात्र थांबले नाहीत. हातांना डोक्याच्या आधी कळतं. त्यांनी चिनीमातीच्या वाटीत बाटलीतलं चांगलं अर्धं पाणी ओतलं, बर्नर पेटवला आणि वाटी वर ठेवली. पाणी उडवून द्यायचं. शिसं कुठे उडून जाणार आहे? पाणी कमी झालं की गर्दी आपोआप वाढेल.

वाटी ठेवून त्यांनी मान वर केली तेव्हा पलीकडच्या टेबलावर भाचीची वाटी आधीच अर्धी आटली होती. तिच्याही बाटलीवर सात नंबर. तिने एचसीएलच्या बाटलीचं बूचही उघडलं नव्हतं. म्हणजे चुकून, धडपडून सुचलेलं नव्हतं हे. तिला आधीपासून ठाऊक होतं.

भाचीने मावशींकडे पाहिलं. मावशींच्या वाटीकडे पाहिलं. आणि एक भुवई उडवली, अगदी अलगद, जशी मावशी वर्षभर तिच्याकडे बघून उडवत होत्या.

मावशींनी नजर खाली घातली. उभ्या आयुष्यात त्यांनी फार वेळा नजर खाली घातली नव्हती.

वाटीत तळाशी चमचाभर पाणी उरलं. त्यांनी ते ट्यूबमध्ये घेतलं, गार केलं, दोन थेंब टाकले. पांढरं! दह्यासारखं दाट, ओळखीचं, घरचं पांढरं. गरम केलं, नाहीसं झालं. गार केलं, बारीक सुयांसारखं चमकत पुन्हा खाली उतरलं. त्यांनी कागदावर लिहिलं: शिसं. त्या पास होत्या. गप्प बसायचं, कागद द्यायचा, घरी जायचं. इतकं सोपं होतं.

पण पुढच्या टेबलावर एक चष्मेवाली पोरगी उभी होती. तिची बाटलीही सात नंबरची. ती रडवेली होऊन एचसीएल ओतत सुटली होती. आधी पातळ, मग तीव्र. बावळट कुठली. शिशाला क्लोराइड थोडं जास्त दिलं तर ते खाली बसतं, पण अतोनात दिलं तर भलत्याच जोड्या जमवून परत पाण्यात जातं. बसलेलंही उठेल, न बसलेल्याची गोष्टच सोडा. पोरीने ट्यूब ठेवली, पेन उचललं आणि लिहायला लागली. काय लिहितेय ते मावशींना लांबूनही वाचता आलं. तेच ते. ‘साका नाही.’

मावशी ताडकन म्हणाल्या, “बाई, जरा थांबवा सगळ्यांना.”

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चमकून पाहिलं. त्या सकाळपासून खिडकीजवळ बसून चहा पीत होत्या आणि विभागप्रमुख त्यांना आपल्या तिसऱ्या पदवीबद्दल सांगत होते.

“परीक्षार्थींनी बोलायचं नसतं, मावशी,” विभागप्रमुख म्हणाले.

“परिचरांनी बोललं तर चालेल का? सात नंबरची बाटली पातळ आहे, बाई. नेहमीसारखं करून शिसं दिसायचं नाही. आटवावं लागतं.”

परीक्षक बाई उठून आल्या. त्यांनी मावशींची ट्यूब उजेडाकडे धरली, मग नितळ ट्यूब धरली. मग स्वतः बाटलीतलं घेऊन चार थेंब टाकले. पाणीच.

“द्रावण कुणी बनवलं?”

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. “या वेळचं सगळं नियोजन मी स्वतः—”

“मी बनवलं,” मावशी म्हणाल्या. “गेल्या वर्षी. माल कमी होता, म्हणून पाणी वाढवलं. साहेबांनी फक्त नंबर बदलले.”

परीक्षक बाईंनी बाटलीवरचा नंबर नखाने खरवडून पाहिला.

“मर्यादा म्हणजे काय कळतं का तुम्हाला?” परीक्षक बाईंनी विचारलं. आवाज कडक होता, पण डोळे कुतूहलाचे. “साका बसलेला असताना पाण्यात काय चालू असतं?”

“माझा नवरा शिंपी आहे,” मावशी म्हणाल्या. आणि मग त्यांनी ती पॅंटची गोष्ट सांगितली, शिवण्याची आणि उसवण्याची. जितकं हे तितकंच ते. मागे भाचीने तोंडावर हात धरला. परीक्षक बाईंनी ओठ दाबून धरले, आणि चहाचा कप उगाचच टेबलाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर ठेवला.

“सात नंबरवाल्यांना अर्धा तास जास्त,” त्या म्हणाल्या. “आटवा सगळे.” चष्मेवालीने भसाभस पेनाने खोडलं.

“आणि गेल्या वर्षीच्या सातजणांचं?” मावशींनी विचारलं.

“ते माझ्या हातात नाही. कुणी लेखी दिलं तर मी अहवालाला जोडीन. पुढे चौकशी होईल.”

विभागप्रमुख मावशींच्या अगदी जवळ आले. इतक्या मऊ आवाजात ते कधी बोलले नव्हते. “मावशी, तुम्ही आजची परीक्षा पास आहात. खुर्चीची फाईल माझ्याकडेच आहे. चौकशी लागली की ती अडकेल. चूक तुमची निघेल. विचार करा जरा. कशाला उकरता?”

मावशींनी खरंच विचार केला. खुर्चीला चाकं होती. चार वर्षं त्या रोज तिच्यावरची धूळ पुसत होत्या आणि एकदाही बसल्या नव्हत्या, कारण बसायचं तर हक्काने.

“कागद द्या,” त्या म्हणाल्या. “माझी चूक मी लिहिते. आणि नव्या बरणीच्या कागदावर सात महिने कुणाची सही व्हायची राहिली होती, तेही लिहिते. दोन्ही लिहिल्याशिवाय हिशोब नीट लागत नाही, साहेब. एकट्या शिशाने साका बसत नसतो.”

भाचीबरोबर घरी जाताना कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापाशी मावशी थांबल्या.

“कधी कळलं तुला?”

“निकालानंतर आठवड्यात. तुझ्या कपाटातली उरलेली बाटली घेऊन सराव करत होते. येईना, येईना. चिडून बर्नरवर ठेवली आणि विसरले. आटली आणि मग आलं.”

“आणि सांगितलं नाहीस? वर्षभर माझं ऐकून घेतलंस?”

“तेव्हा तुझा परीक्षेचा फॉर्म संपृक्तच्या टेबलावर होता. सहीसाठी. मी बोलले असते तर तुला या परीक्षेला बसू दिलं असतं का त्याने?” भाचीने खांदे उडवले. “मला काय, मी अजून एकदा देऊ शकते. तुझी पन्नाशी येत होती.”

मावशींना काहीतरी बोलायचं होतं. सव्वीस वर्षं तोंडाने कधी दगा दिला नव्हता. आज शब्द सगळे आत पोहत राहिले, एकही खाली येईना. शेवटी त्या म्हणाल्या, “गाढव आहेस.”

“तुमचीच भाची, मॅडम.”

मावशी पास झाल्या. खुर्चीची फाईल अडकली, साहेबांनी सांगितलं होतं तशीच. फक्त साहेबांच्या एक लक्षात आलं नव्हतं. चौकशी चालू असलेल्या जागेवर कुणालाच बसवता येत नाही. भाच्यांनाही नाही. मावशींना कामातली चूक म्हणून एक पत्र मिळालं. ते त्यांनी काकांच्या मशीनच्या खणात, टाचण्यांच्या डबीखाली ठेवलं. विभागप्रमुखांनाही एक मिळालं. ते त्यांनी कुठे ठेवलं ते कळलं नाही, पण नव्या बरणीच्या पुढच्या कागदावर तो आला त्याच दुपारी सही झाली.

सातजणांचे निकाल बदलले. मावशींनी सातही जणांना स्वतः पत्रं लिहिली. सहा घराबाहेर गेली, सातवं समोरच्या ताटाशेजारी ठेवलं. सहांतल्या दोघांनी शिक्षण सोडलं होतं. त्यातला एक कुठल्याशा कापडाच्या दुकानात लागला होता. त्याचं उत्तर आलं, चारच ओळी. शेवटची ओळ अशी होती: ‘मावशी, मला वाटलं मीच ढ आहे.’

ते वाचून तिसऱ्या दिवशी मावशींनी दुकानाच्या पत्त्यावर परीक्षेचा फॉर्म पाठवला, नाव-गाव सगळं भरून, फक्त सहीची जागा मोकळी. सोबत चिठ्ठी: ‘ढ मी होते. सही कर.’

संध्याकाळी काकांनी सुई पुढे केली. मावशी दोरा ओवायला लागल्या. एकदा हुकला. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा दोरा सुईच्या शेजारून निघून गेला.

टेबलावरून भाचीने पुस्तकातलं डोकं न काढता विचारलं, “डोळे आहेत की बटणं?”

मावशींनी सुई उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, “वर्षभर ऐकून घेईन. मोजून. एक दिवस जास्त चालायचा नाही.”

“बटणं इकडे द्या,” काका म्हणाले. “मला चार कमी पडतायत.”